३३ प्रश्नांपलीकडचं नागरिकत्व : जर्मनीचा बदलता कायदा आणि आपलं नागरिकशास्त्र

नेकारकाठ :

२७ जून २०२४ ला जर्मनीचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. तेव्हापासून इथल्या मराठी गटांत 'पासपोर्ट बदलायचा का' हा विषय थांबलेला नाही. अटी, फी, कागदपत्रं यांची माहिती तिथे भरपूर मिळते, म्हणून ती इथे पुन्हा देत नाही. मला जरा वेगळं बोलायचं आहे. नागरिक कोणाला म्हणायचं याची या देशाची व्याख्या शंभर वर्षांत पार बदलली. पण नागरिक घडतो कुठे, नागरिकत्वाच्या परीक्षेत की शाळेत? मी ती परीक्षा दिली आहे, माझी मुलगी इथल्या शाळेत नववीत आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी मला जवळून बघायला मिळाल्या.

आधी कायद्याचं. १९१३ चा कायदा सरळ रक्ताच्या नात्यावर उभा होता. बाप जर्मन तर मूल जर्मन. आईकडून नागरिकत्व मिळायला १९७५ उजाडलं. मधल्या काळात, १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले गेले. 'पाहुणे कामगार' म्हणायचे त्यांना, म्हणजे काम झालं की परत जातील ही अपेक्षा. ते राहिले. त्यांना मुलं झाली, ती इथेच वाढली, इथल्याच बोलीत बोलू लागली आणि तरी कागदावर परदेशीच राहिली. १ जानेवारी २००० ला पहिल्यांदा जन्मस्थानाला किंमत आली. आईबापांपैकी एक जण आठ वर्षं कायदेशीर राहत असेल आणि कायम राहण्याचा हक्क असेल तर इथे जन्मलेलं मूल जर्मन. पण तेही सुखासुखी झालं नाही. दुहेरी नागरिकत्वाविरुद्ध १९९९ च्या सुरुवातीला सह्यांची मोहीम निघाली, तिच्या जोरावर हेसन राज्यातलं सरकार पालटलं आणि शेवटी तडजोड अशी झाली की त्या मुलांनी २३ व्या वर्षापर्यंत दोनातला एक देश निवडायचा. आपल्याच देशात जन्मलेल्या मुलांना अशी अट घालणं मला आजही क्रूर वाटतं. २०१४ मध्ये ती बरीचशी गेली आणि २०२४ मध्ये पूर्ण. आता दुहेरी नागरिकत्व जर्मनीच्या बाजूने सरसकट चालतं, नागरिकत्वासाठी इथे राहण्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आली आहे. खास प्रगती दाखवणाऱ्यांसाठी तीन वर्षांची वाट ठेवली होती, ती सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली.

२०२४ च्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या जुन्या कामगार पिढीला परीक्षेतून वगळलं आणि त्यांचं बोलण्यापुरतं जर्मन पुरेसं धरलं. अर्धं आयुष्य यंत्रापुढे उभं राहिलेल्या माणसाला सत्तरीत व्याकरण विचारायचं नाही, एवढं शहाणपण यायला साठ वर्षं लागली. पण आलं.

आता परीक्षा. २००८ पासून ती सगळ्या देशात एकसारखी आहे. ३३ प्रश्न, एक तास, १७ बरोबर आले की पास. प्रश्नसंच जाहीर आहे : ३०० सामायिक आणि तुमच्या राज्याचे १०. नमुना सांगते. 'जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघड बोलू शकतात, कारण...' आणि पुढे चार पर्याय : इथे धर्मस्वातंत्र्य आहे, लोक कर भरतात, लोकांना मताधिकार आहे, इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. राज्याच्या प्रश्नांत आमच्या बाडेन-व्युर्टेंबेर्गचं राजचिन्ह ओळखा, झेंड्याचे रंग सांगा. मोबाईलवर ॲप घेऊन लोकलमध्ये येता-जाता पाठ होतं सगळं. आपण मराठी माणसं तर यात तरबेज. 'ग्रामपंचायतीत किमान किती आणि कमाल किती सदस्य?' '७ ते १७.' झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पण आपल्या गावच्या ग्रामसभेत कधी बसलात का, असं विचारलं तर आपल्यातले किती जण हो म्हणतील?

म्हणून मला परीक्षेपेक्षा शाळेचं महत्त्व जास्त वाटतं. आमच्यापासून जवळच, रेम्स नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांच्या मधोमध बॉयटल्सबाख नावाचं गाव आहे. १९७६ मध्ये तिथे राज्यशास्त्र शिकवणाऱ्या विद्वानांची बैठक भरली. त्या काळात शाळेत राजकारण कसं शिकवावं यावरून डावे-उजवे हातघाईवर आले होते, हेसनच्या अभ्यासक्रमावरून तर मोठं रण माजलं होतं. त्या बैठकीतून तीन नियम निघाले, त्यांना आज बॉयटल्सबाखची सहमती म्हणतात. पहिला, शिक्षकाने आपलं मत मुलांच्या गळी उतरवायचं नाही. दुसरा, समाजात आणि विद्वानांत ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. तिसरा, मुलाला स्वतःची परिस्थिती आणि स्वतःचं हित तपासता आलं पाहिजे, आणि त्यावर काही करता आलं पाहिजे. हा कायदा नाही, कोणी सही करून मंजूर केलेला ठरावही नाही. तरी जर्मनीतल्या शिक्षकांना तो पाठ असतो.

मुलगी आठवीत असताना, फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीच्या सुमारास त्यांच्या वर्गात सक्तीच्या लष्करी सेवेवर चर्चा झाली. ती सेवा २०११ पासून स्थगित आहे आणि परत आणावी का यावर देशभर वाद सुरू आहे. शिक्षिकेने सांगितलं, बाजूने असणारे खिडकीकडे जा, विरोधातले दाराकडे, मधले मध्ये. दोन्हीकडून तीन-तीन मुद्दे आले. मग म्हणाली, आता जागा बदला आणि समोरच्याची बाजू तुम्ही मांडा, त्याला पटेल अशी. माझी मुलगी घरी आली ती चिडूनच, 'मला जे पटत नाही ते मी चांगलं का मांडायचं?' त्यावर आम्ही रात्री जेवताना जितकं बोललो तितकं माझ्या अख्ख्या शाळेच्या काळात नागरिकशास्त्रावर कोणी बोललं नव्हतं.

मला मंडळींना विचारायचं आहे ते हे : आपल्याकडे असं का होत नाही, आणि होत असेल तर कुठे?

---

कागदवाला :

उत्तम धागा. पण पासपोर्टचा मुद्दा पूर्ण टाळू नका ताई, कारण गैरसमज खूप आहेत. जर्मनीने दुहेरी मान्य केलं म्हणून भारताने केलेलं नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड). त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाने आलेली ठेवता येते), घटनात्मक पदं नाहीत. म्हणजे तुर्की माणसाला २०२४ च्या कायद्याने जे मिळालं ते आपल्याला मिळालेलं नाही. आपल्यासाठी हा निर्णय पूर्वीइतकाच जड आहे.

आणखी एक. आईबाप भारतीय, पण त्यातला एक जण पाच वर्षं इथे कायदेशीर राहिलेला आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना, तर इथे जन्मलेलं बाळ जन्मतःच जर्मन. पूर्वी हीच अट आठ वर्षांची होती. बाळाच्या भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करताना दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. नवीन आईबापांनी सही करण्यापूर्वी दूतावासाला विचारा, फेसबुकवर नको.

---

नेकारकाठ :

धन्यवाद, हे नेमकं लिहिलंत. 'जड' हा शब्द बरोबर आहे. आमच्या घरात नवरा अजून तयार नाही, त्याचा मुद्दा मतदानाचाच आहे. तो म्हणतो, जिथे मत देता येतं तो देश हातचा सोडायचा नाही. मी म्हणते, जिथे राहतो, कर भरतो, मुलं शाळेत घालतो तिथे मत नसणं हे जास्त वाईट. आमचं एकमत झालेलं नाही.

---

पाटीपेन्सिल :

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. धागा आवडला, पण 'आपल्याकडे होत नाही' हे वाक्य खटकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

रोजच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका होते. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन आहे, सातवीत मूलभूत हक्क आणि कर्तव्ये, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था. दहावीच्या पुस्तकात तर निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने अशी प्रकरणे आहेत. मी शिकलो त्या जुन्या पुस्तकांपेक्षा ही कितीतरी चांगली आहेत. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून सुरू झालेला मूल्यवर्धन कार्यक्रम आमच्यापर्यंत आला, त्यात मुले जोडीत आणि गटात बोलतात, एकमेकांचे ऐकून घेतात. त्याचा फरक मला स्वतःला वर्गात दिसला आहे. सगळ्यात बोलकी मुले सोडा, कोपऱ्यात बसणारी मुलगी तोंड उघडू लागली.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आम्ही दरवर्षी घेतो. अर्ज भरणे, माघार, प्रचार, चिन्ह, बोटाला शाई, सगळे. मुले मोबाईलवरच्या मतदान यंत्रावर बटण दाबतात, मतमोजणीला पालक येतात. एका वर्षी पाणीमंत्री झालेल्या सातवीतल्या मुलीने टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच खडूने लिहायला सुरुवात केली. महिना उलटला की ती तारीख सगळ्या शाळेला दिसायची. मग मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिले की शाळेची टाकी तुम्ही धुवून देता, तर गावची कधी धुतली ते सांगा. ग्रामसेवकांनी उत्तर दिले.

अडचण कुठे आहे तेही सांगतो. वादाचा विषय. टाकीवर बोलता येते, आरक्षणावर नाही. वर्गात दोन्हीकडची मुले बसलेली असतात. संध्याकाळी त्यांचे वडील चावडीवर समोरासमोर असतात. मी खिडकी आणि दार असा खेळ घेतला तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर कोण उभे राहील ते मला माहीत आहे. तुमच्या त्या बाईंच्या मागे पन्नास वर्षांची सहमती उभी आहे. माझ्यामागे कोण?

---

सांजवात :

पाटीपेन्सिल सर, खडूची तारीख वाचून फार बरं वाटलं. अशा शाळांवर कुणीतरी लिहायला हवं.

---

लेस्टरकर :

इंग्लंडची गोष्ट सांगतो, कारण ती या धाग्यात चपखल बसते. १९९८ मध्ये बर्नार्ड क्रिक या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालच्या गटाने अहवाल दिला आणि २००२ पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा सक्तीचा विषय झाला. त्याच क्रिक यांना पुढे नव्याने नागरिक होणाऱ्यांसाठी काय असावं हे ठरवायलाही बसवलं. त्यातून २००५ मध्ये 'लाइफ इन द यूके' परीक्षा आली. शाळा आणि परवाना, दोन्हीकडे एकाच माणसाचा विचार. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, की इथे जन्मलेल्या मुलाने आणि बाहेरून आलेल्या माणसाने साधारण एकच गोष्ट शिकावी.

पुढे दोन्ही वाटा फाटल्या. परीक्षेचं पुस्तक २०१३ मध्ये बदललं, रोजच्या जगण्याची माहिती कमी झाली आणि राजेरजवाडे, लढाया, तारखा वाढल्या. २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत. मी पाठ करून पास झालो. डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं हे मला शेजारणीने शिकवलं, परीक्षेने नाही. शाळांत २०१४ पासून 'ब्रिटिश मूल्यं' रुजवण्यावर भर आला, आणि मूल्यं रुजवणं म्हटलं की प्रश्न विचारणं मागे पडतं, असं माझं मुलांच्या शाळेकडे बघून झालेलं मत आहे. धोरण बदललं की शिक्षणही गुपचूप बदलतं, त्यावर नजर हवी.

---

मांडवीतीर :

हांव गोंयचो, मराठीतच लिहितो. आमच्याकडे नागरिकत्वाला परीक्षाच नाही, फक्त आजोबांचा जन्मदाखला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व मिळवता येतं. हजारो लोक त्या वाटेने युरोपात गेले, त्यातले बरेच लेस्टरकरांच्या देशात. माझ्याच वाड्यावर बंद घरांची रांग आहे.

यातला पेच असा की १९६२ च्या आदेशाने गोवा, दमण, दीवचे लोक भारतीय नागरिक झाले, तिकडे पोर्तुगाल मात्र त्यांना आपलेच समजत राहिला. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद झाली तर भारतीय नागरिकत्व गेलं का, यावर वर्षानुवर्षं वाद झाले, निवडून आलेल्या लोकांच्या निवडीवर आक्षेप आले. पोर्तुगीज भाषेचा गंध नसलेला माणूस एका कागदावर पोर्तुगीज होतो, आणि म्युनिकमध्ये वीस वर्षं राबलेल्याला बी-वन पातळीचं जर्मन येतं हे दाखवावं लागतं. रक्ताचा नियम हा असा चालतो, मग तो जर्मनीचा १९१३ चा असो की पोर्तुगालचा.

---

उलटतपासणी :

मी जरा विरोधी सूर लावतो. जर्मनीत एवढं राजकीय शिक्षण, १९५२ पासून त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था, शाळाशाळांत छळछावण्यांच्या भेटी, आणि तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये एएफडी या अतिउजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं. मग या सगळ्याचा उपयोग काय झाला? आणि २०१८ मध्ये याच पक्षाने हँबुर्गमध्ये 'आमच्याविरुद्ध बोलणाऱ्या शिक्षकांची तक्रार करा' म्हणून संकेतस्थळ उघडलं, ते तुमच्या बॉयटल्सबाखचाच आधार घेऊन. शिक्षकाने मत लादू नये, हा नियम उलटून शिक्षकाचं तोंड बंद करायला वापरला गेला. पाटीपेन्सिल सरांना 'पन्नास वर्षांची सहमती' हवी आहे, पण ती तिथेही त्यांना वाचवेल याची खात्री नाही.

---

नेकारकाठ :

उलटतपासणी, हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. माझं उत्तर दोन भागांत.

त्या नियमात तटस्थता कुठेच नाही. मत लादायचं नाही म्हणजे मत असू नये असं नाही. आणि जर्मन राज्यघटनेचं पहिलं कलम, माणसाची प्रतिष्ठा अभेद्य आहे, हे वादासाठी खुलं नाही. कर किती असावा यावर वर्गात दोन बाजू. एखाद्या माणसाला त्याच्या वंशावरून कमी लेखावं का यावर दोन बाजू नाहीत. मुलीच्या शिक्षिकेला पालकसभेत एका पालकाने तटस्थतेबद्दल विचारलं तेव्हा तिने हेच, आवाज न चढवता, सांगितलं. तिला ते सांगता आलं, कारण तिच्या प्रशिक्षणात ते होतं.

मतांचं म्हणाल तर राजकीय शिक्षणाला अमुक पक्षाची मतं कमी करायचं काम दिलं की ते शिक्षण राहत नाही, प्रचार होतो. मला चिंता दुसरी आहे. हा विषय कुठल्या शाळेत किती तास, हे राज्याराज्याने आणि शाळेच्या प्रकाराप्रमाणे बदलतं. विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेतल्या मुलांना वादविवाद मिळतो, कामाधंद्याकडे जाणाऱ्या मुलांना बऱ्याचदा तक्ते. ज्यांना आवाजाची गरज जास्त त्यांनाच सराव कमी. बायर्न राज्याने २०२४-२५ पासून आठवड्याला पाव तास राज्यघटनेसाठी ठेवला. पाव तास सगळ्या प्रकारच्या शाळांत मिळतो ही चांगली गोष्ट, पण खिडकी-दाराचा तास त्यात बसत नाही.

---

कागदवाला :

थोडं अवांतर, पण भारतात नागरिकत्व घेणाऱ्या परदेशी माणसाला परीक्षा नाही. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अट आहे : चांगलं चारित्र्य, वास्तव्याची ठरावीक वर्षं आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान. त्यात मराठी आहेच. आपला कायदा उलट्या दिशेने गेला हेही लक्षात घ्या. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्माने नागरिक. त्यानंतर आईबापांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नको. म्हणजे जर्मनी रक्ताकडून जमिनीकडे सरकला त्याच काळात आपण जमिनीकडून रक्ताकडे सरकलो. हा बदल दहावीच्या वर्गात शिकवायला हवा. माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या लोकांनाही तो माहीत नसतो.

---

पाटीपेन्सिल :

कागदवाला, १९८७ आणि २००४ चे मलाही इतके स्पष्ट माहीत नव्हते. या आठवड्यात आठवीला सांगतो. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यातला फरक त्यांना तसाही सांगायचा आहे, त्याला जोडून होईल.

नेकारकाठ ताई, एक विनंती. तुमच्या शिक्षिका चर्चेआधी मुलांना काय वाचायला देतात ते विचारून कळवाल का? आमच्याकडे अडचण तिथेच येते. मुले बोलतात, पण घरी ऐकलेलेच बोलतात. आरक्षण नको, पण गावात दारूबंदीसाठी महिलांचे मतदान घ्यायचे का, हा विषय आमच्याकडे सध्या तापलेला आहे. दोन्ही बाजूंचे लोक गावातच आहेत, त्यामुळे मुलांना त्यांच्याकडेच पाठवता येईल.

---

नेकारकाठ :

विचारलं. ती एकच पान देते. वर दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या चार-पाच गोष्टी, खाली दोन्ही बाजूंचे दावे शेजारी-शेजारी, प्रत्येक दाव्यापुढे तो कोणाचा आहे ते. स्वतःचं मत तिथे नसतं, पण चर्चा संपल्यावर मुलांनी विचारलं तर सांगते, आणि ते तिचं एकटीचं आहे हेही सांगते. आणखी एक, बाजू बदलायच्या आधी ती मुलांकडून समोरच्याचा मुद्दा त्याच्याच शब्दांत म्हणवून घेते. समोरचा 'हो, हेच म्हणालो' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. यातच निम्मा तास जातो असं ती म्हणाली.

दारूबंदीचा विषय उत्तम आहे सर. ज्या मुलांच्या घरात कोणी पितं, त्यांना बाजू घ्यायची सक्ती करू नका, निरीक्षक नेमा, त्यांना टिपणं काढू द्या. त्या शिक्षिकेनेही तेच सुचवलं. तुमचं पान तयार झालं की इथे टाका, मी तिला भाषांतर करून दाखवते.

---

पाटीपेन्सिल :

टाकतो. आधी सरपंचांशी बोलतो, मग महिला बचत गटाच्या ताईंशी.